मुका खांब

सुगंधाबाईंनी दादूला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. पाम गावातल्या त्यांच्या घराच्या ओसरीला दोन लाकडी खांब आहेत. त्यांतल्या खिडकीलगतच्या खांबाला टेकून एक माणूस पायरीवर बसला होता. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, मान ताठ, आणि दोन्ही हात मांडीवर असे ठेवलेले, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि ह्याला फक्त सांभाळायला दिलेत.

गुरुवार होता. आत क्रोशाचा वर्ग भरला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी तो हौसेनं सुरू केला होता आणि गावातल्या, कॉलनीतल्या पाच-सात जणी यायच्या. नारळ उतरवायला कुणी आलं असेल असं वाटून बाई दारात गेल्या.

"कोण हवंय?"

माणूस उठून उभा राहिला, पण बोलला नाही. उत्तर आतून आलं, मोठ्या, मोकळ्या आवाजात.

"बाई, आमचा मानूस हाय तो. बसू द्या. बोलायचा नाय."

ही मंजुळा. नवापूरची. कॉलनीच्या फाटकाशी मासळी घेऊन बसते. तिच्या दिपेशला बाईंनी चौथीत शिकवलं होतं, पण तेवढ्यासाठी ती क्रोशा शिकायला येईल असं बाईंना कधी वाटलं नव्हतं. तिला वर्गात आणलं हिमानीनं. हिमानी मूळची उत्तराखंडातली, पहाडातली. नवरा तारापूरच्या वीज केंद्रात नोकरीला, म्हणून ती कॉलनीत राहते आणि मंजुळाकडूनच मासळी घेते.

"याचं ऑपरेशन झालंय छातीचं," मंजुळानं सुई उलटी धरत सांगितलं. "डाक्टर बोलला, बोटीवर जायचं नाय, जाळं ओढायचं नाय. तवापासून हा असा. घरात एकला सोडवत नाय मला. घरात बसून मानूस वाळत चाललाय, बाई. बोंबील वाळतो तो निदान वास तरी मारतो. हा तं तेवढंपन नाय."

सगळ्या हसल्या. पायरीवरची मान हलली नाही.

त्या दिवशी बाई टाक्यांची नावं सांगत होत्या. साखळी, अर्धा खांब, खांब. आणि सगळ्यांत बुटका, सगळ्यांत घट्ट बसणारा टाका, सुईवर वळसा न घेता घालायचा, तो मुका खांब. हे नाव ऐकलं आणि गावातली वैभवी, जिला हसायला कारण लागत नाही, ती खिडकीतून बाहेर बघून फिसकन हसली.

"बाई, मुका खांब तर बाहेर बसलाय!"

सगळ्यांत मोठ्यानं हसली मंजुळाच. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले, आणि बाईंच्या लक्षात आलं की ते टिपणं हसण्याचं नव्हतं. पण नाव पडायचं ते पडलं. पुढच्या गुरुवारपासून "मुका खांब आला का?" अशीच चौकशी होऊ लागली, आणि मंजुळाही "आलाय, आलाय, उभा केलाय" म्हणून सांगू लागली.

मंजुळाला क्रोशा येत नव्हता. येण्याची चिन्हंही नव्हती. तिचं लक्ष गप्पांत, सुई हवेत. साखळी घालता घालता ती कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगायला घ्यायची आणि साखळी सुटून जायची. चाळीसएक वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईंना न शिकणारं मूल लगेच ओळखू येतं. मंजुळा शिकायला आलेली नाही हे त्यांना कळत होतं. मग कशाला येते, ते मात्र कळत नव्हतं.

गंमत अशी, की घरचा अभ्यास ती सुंदर करून आणायची.

सुती दोऱ्याचा एक गोल रुमाल तिनं एकदा पिशवीतून काढून दिला. ओळी अशा सारख्या, की बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. टाक्यांमधलं कुठलं घर मोठं नाही, कुठलं लहान नाही. फक्त कापड जरा ताठ होतं. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला. प्रत्येक टाक्याच्या बुडाशी राजगिऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. त्यांनी रुमाल उजेडाकडे धरला. गाठ होती. प्रत्येक टाक्याला एक गाठ. क्रोशाच्या सुईनं फास ओढून घ्यायचा, आणि मग तो तसा मोकळा सोडवत नाही म्हणून वर एक पक्की गाठ मारायची, असं रुमालभर केलेलं होतं. किती वेळ लागला असेल, त्याचा हिशेब बाईंच्या मनात होईना.

क्रोशात गाठ नसते. सुरुवातीला एक, शेवटी एक. मधलं सगळं नुसते फास, एकातून दुसरा काढलेले. ही गाठ क्रोशाची नव्हतीच. नवापूरच्या किनाऱ्यावर जाळी घेऊन बसलेल्या पुरुषांच्या हातात ती बाईंनी कितीदा पाहिली होती.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मांडीवर ठेवून दिलेल्या त्या हातांची बोटं हलत होती. लुंगीच्या काठाशी, अगदी बारीक, आतल्या बायकांच्या बोटांबरोबर.

वर्ग सुटल्यावर त्यांनी मंजुळाला स्वयंपाकघरात थांबवून घेतलं.

"हे कुणी केलं?"

"मीच की."

"मंजुळा."

मंजुळानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. तिचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे बाईंना नवीनच होतं.

"त्या हिमानीकडे दोऱ्याचा बटवा हाय ना, सुटे ठेवायचा? एक दिवस ती फाटकाशी विसरून गेली. मी घरी नेला. ह्यानं हातात घेतला, बाई. ऑपरेशनपासून ह्याचे हात कशाला लागले नव्हते. जाळं शिवायला दिलं तरी नाय बोलायचा. बोटीवर जायचंच नाय तं जाळं कोनाचं, बोलायचा. आनि तो बटवा घेऊन बसला, आतून बाहेरून, चाचपत. आता मी काय सांगू, तुमी जा शिकायला? मरद मानसाला? गावात ऱ्हाऊ देतील? मग मीच नाव घातलं."

चहाचं आधण उकळून उतू गेलं तेव्हा बाईंनी गॅस बंद केला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी दादूला आत बोलावून पाहिलं. "दादूभाऊ, बाहेर ऊन येतंय, आत बसा." तो उठला आणि थेट फाटकाबाहेर जाऊन चिंचेखाली उभा राहिला. वर्ग संपेपर्यंत परत फिरकला नाही. बाई जे समजायचं ते समजल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी आपली चटईच हलवली. खिडकीशी, तोंड ओसरीकडे. हात जरा वर धरून त्या शिकवू लागल्या आणि आवाज चढवला, मागच्या बाकावरच्या मुलांसाठी चढवायच्या तसा.

"गाठ मारायची नाही! फासातून फास काढायचा आणि सोडून द्यायचा!"

"बाई, आम्ही इकडं बसलोय," वैभवी म्हणाली.

"तू विण गं."

मग बाईंनी आपला जुना, पुरा झालेला रुमाल घेतला, शेवटची गाठ कात्रीनं कापली आणि दोऱ्याचं टोक ओढलं. ओळ गेली. दुसरी गेली. रुमाल आटत आटत गेला आणि शेवटी त्यांच्या मांडीवर नुसता कुरळा दोरा उरला. वर्गातल्या बायकांना त्याचं काही नव्हतं. उसवणं त्यांच्या रोजचं. पण खिडकीत दादूचा चेहरा आला होता. जाळ्याचं एक घर तुटलं तर तेवढंच तुटतं, शेजारची घरं आपापल्या गाठीवर उभी असतात. असं सगळंच्या सगळं एका टोकाशी निघून येणारं काही त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. भीती आणि नवल दोन्ही त्या चेहऱ्यावर होतं, कुठलं जास्त ते सांगता आलं नसतं.

"मग ते टिकतं कशावर?" तो म्हणाला.

बायकांच्या सुया थांबल्या. मंजुळानं तोंडावर हात ठेवला.

"मागच्याला पुढचा धरून ठेवतो, दादूभाऊ," बाई साधेपणानं म्हणाल्या, जशा काही त्याच्याशी रोजच बोलत होत्या. "आणि पुढच्याला त्याच्या पुढचा."

तो पुन्हा खांबाला टेकून बसला. पण त्यानंतर मंजुळाच्या पिशवीतून जे येऊ लागलं त्यात गाठी नव्हत्या. आधी चुकतमाकत, सैल. भरवसा नसलेल्या हाताचं. मग सरावाचं. बाई तपासून "छान हं, मंजुळा" म्हणायच्या, मोठ्यानं, खिडकीकडे तोंड करून.

हिवाळ्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे विनोदनं पाहिलं. विनोद हा दादूचा भागीदार. दोघांची मिळून बोट होती, आता तो एकटा ती चालवतो. सहज म्हणून घरी आला, तर दादू मागच्या पडवीत, हातात क्रोशाची सुई.

"काय रं दादू, बाळंतविडा करतंस? कुनाला दिवस गेले? वयनीला का तुला?"

तो चेष्टेनंच बोलला, दोघं लहानपणापासून असंच बोलत आले होते. पण दादूनं सुई आढ्यात खोचली आणि त्यानंतर दोन-तीन गुरुवार मंजुळा एकटीच आली, हात हलवत. ओसरीचा खांब रिकामा राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे हिमानीच्या आईनं गावाहून लोकर पाठवली. बाजारातली रंगीत, गुळगुळीत नव्हे. खरी मेंढीची, घरी कातलेली, राखाडी, खरखरीत, मधूनच गवताची काडी अडकलेली. हिमानीनं त्यातली बरीचशी मंजुळाच्या हातात दिली.

"दादू भैया को देना. बोलना, जो मन करे बनाएँ. मेरे लिए."

म्हणजे हिमानीलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, असं दिसतं.

त्या लोकरीचं काय झालं ते बाईंना कळलं फेब्रुवारीत. वर्ग भरत आला होता आणि मंजुळा आली ती पदराखाली काहीतरी घट्ट धरून. कोपऱ्यात बसली. बोलली नाही. ही बोलत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी माना वर केल्या.

"काय झालं गं?"

"मी वाटोळं केलं, बाई," ती म्हणाली, आणि मोकळ्या आवाजात रडायला लागली.

हळूहळू निघालं ते असं. दादूनं लोकर घेतली होती. विनोद समुद्रावर गेला की सुई आढ्यातून काढायची आणि विणायचं, असं चाललं होतं. त्याला रुमाल-बिमाल करायचा नव्हता. त्यानं एक पिशवी घातली, गोल गोल, वर रुंद तोंड आणि खाली निमुळती होत गेलेली लांब शेपूट. थेट बोंबलाच्या डोल जाळ्याचा आकार, फक्त मुक्या खांबाच्या टाक्यांचा. कोपरापर्यंत हात आत जाईल एवढी झाली होती. पलंगाखाली ठेवायचा. आणि पलंगाखालीच मंजुळाचे सुकटीचे डबे.

"नाकाला लावली तं सगळा सुक्या जवळ्याचा वास. हिमानीला अशी कशी द्यायची? कॉलनीतली बाय ती. मी बंबात पानी तापवलं, सोडा टाकला, साबन लावला. जाळ्यावरचा सदरा धुते तशी धुतली. दगडावर घातली आनि कपडे धुवायच्या लाकडी धोक्यानं बडवली चांगली. वास जाईना म्हनून परत उकळत्या पान्यात घातली. परत बडवली. बाई, ती आटली! हातातल्या हातात आटली! चोळते तं अजून आटते!"

तिनं पदराखालून ते काढलं. ओंजळीत मावेल असं, राखाडी, जाड, शेपूट बुडात आटून गेलेलं, वाडग्यासारखं काहीतरी.

"ह्याला कळलं तं परत मुका होल," ती म्हणाली. "आता कुठं चार शब्द बोलाय लागला होता."

तेवढ्यात दारात उजेड अडला. दादू उंबऱ्यावर उभा होता. तो मागोमाग आला होता, पुढच्या रिक्षानं, आणि तिचं बोलणं त्यानं दारातच ऐकलं होतं. चपला पायरीवर काढलेल्या. त्यानं खाली पाहत एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि बायकांच्या मधून वाट काढत मंजुळाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तिला बोलू नका," तो बाईंना म्हणाला. "ती माझी हाय. म्हनजे पिशवी. मी विनली. लोकरीला गरम पानी चालत नाय, ते मलाबी ठाव नव्हतं."

कुणी बोलणारच नव्हतं. हिमानीनं ते वाडगं मंजुळाच्या हातातून घेतलं होतं आणि तिचे डोळे मोठे झाले होते.

"आंटी, देखिए तो! ये तो नमदा बन गया! मेरी दादी जूते के लिए ऐसे ही कूटती थी!"

असली लोकर गरम पाण्यात, साबणात चोळली, बडवली, की तिचा तंतू न् तंतू शेजारच्यात शिरतो आणि मग पुन्हा सुटत नाही, त्याचाच नमदा होतो, हे तिनं अर्ध्या हिंदीत, अर्ध्या हातवाऱ्यांनी सांगितलं. बाईंनी वाडगं हातात घेतलं. त्यांनी उभं आयुष्य दुकानातली लोकर विणली होती; हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या टाके शोधत राहिल्या. एवढे मुके खांब ह्या माणसानं घातले, त्यातला एक दिसेना. ओळ दिसेना. दोरा कुठून आला आणि कुठं गेला ते कळेना. मऊ होतं, तरी दगडासारखं एकजीव होतं.

"बघा," म्हणून त्यांनी ते दादूच्या हातात दिलं.

दादूनं आत बोटं घातली. बाहेरून चाचपलं. काठाशी नख लावून टोक शोधलं, ओढण्यासाठी. टोक नव्हतं. मग त्यानं ते तोंडासमोर उजेडाकडे धरलं आणि एक डोळा मिटून आतून पाहिलं, बायका चाळण बघतात तसं. बराच वेळ.

"भोक नाय," तो म्हणाला.

"कुठलं भोक?" वैभवीनं विचारलं.

"एकबी नाय." त्यानं वाडगं खाली घेतलं. "पानी हाय का, बाई?"

बाईंनी तांब्या दिला. त्यानं धार अगदी बारीक धरली. पाणी आत पडलं आणि मोत्यांसारखं गोळा होऊन लोकरीवर गडगडलं. मग मोती एकमेकांना मिळाले आणि वाडग्यात पाणी उभं राहिलं. दादूनं वाडगं वर उचललं, दोन्ही तळव्यांवर, आणि सगळेच खालून बघत राहिले. थेंब पडेना.

"पन्नास वर्सं मी भोकंच विनली," तो म्हणाला. "पानी जावं, मासळी ऱ्हावी. पानी गेलंच पायजे, नायतर जाळं फाटतं. आनि हे बघा. पानी ऱ्हायलं."

मंजुळा वाडग्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

वाडग्याच्या बुडातून पहिला थेंब निसटला तोवर सगळ्यांचा चहा पिऊन झाला होता. "पडला!" वैभवी ओरडली. दादू हसला. बाईंनी त्याला हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचा एक दात नाही त्याला.

यानंतर चोरून करण्यासारखं काही उरलंच नाही, कारण लोकर चोरून बडवता येत नाही. धोक्याचा आवाज साऱ्या आळीत जातो. दादू अंगणातल्या दगडाशी बसायचा, छातीला झेपेल इतपत हळूहळू बडवायचा, थांबायचा, मापायचा. किती गरम पाण्यात किती आटतं ते त्याला अजून पुरतं उमगलेलं नाही. कधी टोपी करायला घेतो आणि ती नारळाला बसेल एवढी होते, मग मंजुळा ती खरंच नारळाला घालून देवळीत ठेवते. एका सकाळी विनोद आलाच आवाज ऐकून.

"आता धोबी झालास?"

दादूनं दगडावरची टोपी उचलली, पिळली आणि विनोदच्या डोक्यावर दाबून बसवली, ओली आणि कोमट. "पहाटे घाल बोटीवर. मग बोल."

विनोदनं घातली. समुद्रावर पहाटे दव पडतं, तुषार उडतात, कान बधिर होतात. परत आल्यावर त्यानं किनाऱ्यावरच्या सगळ्यांना ती टोपी दाखवली. "हात लाव, हात लाव, आत कोरडी हाय." आणि लगेच, दादूला ऐकू जाईल असं, "बाळंतविड्यातली हाय." टोपी मात्र डोक्यावरून काढली नाही.

पहिलं वाडगं हिमानीनं मागितलं, पण दादूनं दिलं नाही. तिला दुसरं करून दिलं. पहिलं त्याच्या उशाशी असतं. त्यात तो चष्मा ठेवतो.

मंजुळानं वर्ग सोडला. गुरुवारी ती कॉलनीच्या फाटकाशी मासळी घेऊन बसते. दादू एकटाच रिक्षानं पामला येतो, चपला पायरीवर काढतो आणि आत हिमानीच्या शेजारच्या चटईवर बसतो.